सोलापुरात नुसत्या फ्रेमपासून सायकल बांधायची तर : बाजार, कारागीर आणि सुट्या भागांचा आढावा

आधी निकाल सांगून टाकू. पैसे वाचतील म्हणून फ्रेमपासून सायकल बांधायला निघाला असाल, तर दुकानात उभी असलेली तयार सायकल घ्या आणि मोकळे व्हा. कंपनी गिअर, ब्रेक, टायर हजारोंच्या हिशेबात उचलते, आपण एक नग घेतो. तेच भाग सुटे घेतले की बेरीज तयार सायकलीच्या पुढे जाते, हत्यारांचा खर्च वेगळाच. अंगाच्या मापाची, इथल्या काट्यांना आणि काळ्या मातीला पुरून उरणारी, स्वतःला उघडता-जोडता येणारी सायकल हवी असेल तरच या भानगडीत पडावं.

पहिल्यांदाच बांधणाऱ्याला या शहरात कोणतं काम कुणाकडून करून घेता येईल, कोणतं घरी करावं आणि कोणता भाग बाहेरून मागवावा, याचा हा आढावा आहे. दुकानांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. एकाच दुकानात चाक उत्तम बांधलं जातं आणि हेडसेट (हँडल फिरतं ती बेअरिंगची जोडी) हातोड्याने ठोकला जातो, त्यामुळे गुण दुकानाला देण्यापेक्षा कामाला द्यावेत. भावाचे आकडेही टाळलेत, ते दर महिन्याला शिळे होतात.

दहापैकी गुण द्यायचे तर चाक बांधणं आणि आउट काढणं, म्हणजे फिरताना डुलणारं रिम सरळ करणं, याला ८. लेथवरच्या कामाला ९. पावडर कोटिंगला ६, तेही उभं राहून करून घेतलं तर. गिअरच्या सुट्या भागांना ४. आणि हेडसेट, बॉटम ब्रॅकेट (दोन पेडलांच्या मधलं बेअरिंग), हँगर (मागचा गिअर ज्यावर टांगतात तो फ्रेमचा कान) सरळ करणं या नेमक्या हत्यारांच्या कामांना ३. वरच्या दोन आकड्यांच्या जोरावरच हा उद्योग इथे शक्य आहे.

फ्रेम : सगळं इथेच ठरतं

पुढची प्रत्येक खरेदी फ्रेमच्या मापांवर ठरते. लोक उलटं करतात: सवलतीत दिसला म्हणून गिअरसेट आधी घेतात, मग त्याला साजेशी फ्रेम शोधत बसतात. फ्रेम हातात आली की पान्याआधी व्हर्नियर काढा आणि ही मापं कागदावर उतरवा.

हेडट्यूबचं, म्हणजे हँडलखालच्या आखूड नळीचं, आतलं माप वर आणि खाली दोन्हीकडे घ्या. ३४ मिमी असेल तर बाहेर दिसणारे कप (हेडसेटच्या बेअरिंगच्या वाट्या) बसतात, ४४ असेल तर अर्धे आत जाणारे. साधारण ४२ भरलं आणि आत उतार दिसला तर बेअरिंग थेट फ्रेममध्येच बसतं, कप लागत नाहीत. खालचं माप ५६ असेल तर ती निमुळत्या नळीचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) घेणारी फ्रेम आहे. त्यात सरळ नळीचा, १⅛ इंची चिमटा घालायचा तर खालच्या बाजूला कमी करणारी रिंग लागते आणि ती इथे काउंटरवर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

बॉटम ब्रॅकेटची नळी ६८ किंवा ७३ मिमी रुंद आणि आत आटे असतील तर बहुतेक इंग्लिश मापाचे, १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. चेनच्या बाजूला उलटे आटे, डाव्या बाजूला सुलटे. नळी ७० मिमी भरली तर इटालियन असण्याची शक्यता आहे. तिथे दोन्हीकडे सुलटे आटे असतात आणि भाग मिळवताना जीव जातो. आटेच नसतील, नुसती गुळगुळीत नळी असेल, तर ती दाबून बसवायच्या बेअरिंगची फ्रेम. पहिल्या बांधणीला नको.

सीट ट्यूबचं आतलं माप ०.२ मिमीपर्यंत अचूक हवं. २७.२ च्या जागी २७.० चा सीटपोस्ट घातला की क्लॅम्प कितीही आवळा, खड्ड्यागणिक सीट खाली सरकणार. मागच्या चाकाच्या दोन खाचांमधलं अंतर: १३० मिमी म्हणजे रोडची, १३५ म्हणजे एमटीबी किंवा हायब्रिडची. पहिल्या सायकलीसाठी १३५ सगळ्यात सोयीची, त्या मापाचे हब सहज मिळतात.

मग ब्रेक. व्ही-ब्रेकच्या खुंट्या असतील तर त्या एकाच आकाराच्या चाकासाठी जागेवर वेल्ड केलेल्या असतात. २६ इंची एमटीबीच्या फ्रेममध्ये ७००सी चाक भले आत फिरेल, पण ब्रेकचे गुटके रिमपर्यंत पोचणारच नाहीत. डिस्कच्या कानांची फ्रेम असेल तर ही अडचण नाही, तिथे चाकाच्या आकाराचं थोडं स्वातंत्र्य मिळतं.

आकारांचा गोंधळ तर सोलापुरात काउंटरवरच सुरू होतो. ‘अठ्ठावीसचं टायर द्या’ म्हटलं की समोर काळ्या सायकलीचं २८×१½ येतं. त्याचा रिमवर बसायचा व्यास ६३५ मिमी. ७००सीचा ६२२. दोन्हींना लोक अठ्ठावीसच म्हणतात आणि एकाचं टायर दुसऱ्यावर चढत नाही. सव्वीसचंही तसंच: एमटीबीचं २६×१.९५ म्हणजे ५५९ आणि साध्या सायकलीचं २६×१⅜ म्हणजे ५९०. टायरच्या बगलेवर ‘३७-६२२’ असा जोड-आकडा छापलेला असतो, त्यातला दुसरा आकडा बघून मागा.

त्या काळ्या सायकलीची फ्रेम मोडीत स्वस्त मिळते आणि दिसतेही देखणी. गिअरसाठी ती घेऊ नका. क्रँक कॉटर पिनचा, मागची खाच अरुंद, चाकं ६३५ ची, ब्रेक सळईचे. एकेक गोष्ट बदलता बदलता शेवटी फक्त तीन नळ्या मूळच्या उरतात. एका गिअरची, गावात फिरवायची सायकल करायची असेल तर मात्र उत्तम. तिचे सगळे भाग पेठेत मिळतात आणि वरची मोजमापाची अर्धी कटकट वाचते.

जुनी फ्रेम घेताना विकणाऱ्याला समोर सीटपोस्ट हलवून दाखवायला सांगा. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं कोरडा राहिला की गंजून एकजीव होतो, आणि मग तो काढायला फ्रेमच्या निम्म्या किमतीची मजुरी जाते. हेडट्यूबच्या खालचा जोड, सीट ट्यूबचं वरचं टोक आणि मागची खाच इथे रंगात केसासारखी रेघ दिसते का बघा. दिसली तर रंगाची आहे की धातूची हे ठरवत बसू नका, सोडून द्या. बॉटम ब्रॅकेटखालचा नंबर घासलेला नसावा आणि हातात लेखी पावती असावी.

सरळपणा तपासायला एक जाड सुती धागा पुरतो. मागच्या एका खाचेत बांधा, पुढे नेऊन हेडट्यूबला वळसा द्या, परत दुसऱ्या खाचेत ताणून बांधा. आता सीट ट्यूबपासून डावीकडच्या आणि उजवीकडच्या धाग्याचं अंतर मोजा. २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर मागचा भाग एका बाजूला झुकलेला आहे. लोखंडी फ्रेम जाणकाराकडून सरळ करून घेता येते, ॲल्युमिनियमची नाही.

वेल्डिंगचा मोहही टाळा. शहरात वेल्डर पावलापावलावर आहेत आणि ‘डिस्कचा कान लावून देतो’ म्हणणारेही भेटतील. ६०६१ ॲल्युमिनियमला टी-६ची ताकद भट्टीतल्या उष्णोपचाराने आलेली असते, वेल्डच्या आचेने ती जोडाजवळ निघून जाते. दिसायला जोड पक्का दिसतो, मोडताना सांगून मोडत नाही.

लेथ आणि पावडर कोटिंग

सोलापूरची खरी ताकद इथे आहे. यंत्रमागाचे सुटे भाग करून देणारे खरादी अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणि पूर्व भागात अजूनही आहेत. मागाच्या भागांचं काम करणाऱ्याला सायकलीचा बुश म्हणजे हातचा मळ. त्याच्याकडून दोन वस्तू करून घ्याव्यात.

पहिली, हेडसेट दाबायची प्रेस. एम-१२ ची ३०० मिमी आट्यांची सळई, दोन नट, आणि कपाच्या आतल्या व्यासात बसणारी पायरी असलेले दोन जाड वॉशर. पायरी अशी हवी की जोर कपाच्या कडेवर यावा, बेअरिंगवर नाही. एवढ्यात दुकानातल्या महागड्या प्रेसचं काम होतं. दुसरी, सीटपोस्टचा शिम. फ्रेम ३१.६ ची आणि हाताशी २७.२ चा चांगला पोस्ट असेल तर २.२ मिमी भिंतीचा, ८० ते १०० मिमी लांब ॲल्युमिनियमचा बुश करून घ्या, वर छोटी कॉलर ठेवा म्हणजे आत पडणार नाही, आणि लांबीभर एक चीर पाडायला सांगा. चीर नसेल तर क्लॅम्पची पकड पोस्टपर्यंत पोचत नाही.

एक काम मात्र लेथवाल्याला देऊ नका: बॉटम ब्रॅकेटचे आटे साफ करणं. त्याच्याकडे १.३७×२४ चा टॅप बहुधा नसतो, आणि हाताला लागतो एम-३५ ला एक मिमी पिचवाला. १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिमी, त्यामुळे तो ‘बसतोय की’ असं वाटतं. पण इंचाला २४ आटे म्हणजे १.०५८ मिमी पिच. पंधरा मिमी आत जाईतो जवळपास एक आट्याएवढी चूक साचते आणि नळी कायमची जाते. आट्यांत नुसता रंग भरला असेल तर जुन्या लोखंडी कपाला करवतीने लांबीच्या दिशेने दोन-तीन खाचा पाडा, भरपूर तेल घाला, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे करत फिरवा. तो कपच टॅपचं काम करतो.

पावडर कोटिंगवाले ग्रिल, खुर्च्या, पंख्यांचे भाग रोज करतात. रंग छान बसतो, पण सायकलीची फ्रेम त्यांना ग्रिलसारखीच दिसते. पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर भाजली जाते, म्हणून बेअरिंग, प्लॅस्टिकचा एकही तुकडा, आतला जुना ग्रीस काहीही राहता कामा नये. ग्रीस राहिला तर भट्टीत तो पाझरतो आणि रंगाला फोड येतात. बॉटम ब्रॅकेटचे आटे, हेडट्यूबची आतली बाजू, सीट ट्यूबचं तोंड, मागच्या खाचांचे गाल, व्ही-ब्रेकच्या खुंट्या, डिस्कचे कान आणि हँगरचं भोक ही सात ठिकाणं आधी बंद करून घ्या. हेडसेटचा कप मिमीच्या दहाव्या भागाच्या ताणावर बसतो, तिथे पावडरचा थर चढला की कप तिरका शिरतो किंवा हेडट्यूबच फाकते. ‘करू की ओ’ एवढ्यावर विसंबू नका. उष्णतेची टेप आणि जुने बोल्ट लावून फ्रेम आपणच तयार करून न्या.

चाकं

शहरातल्या जुन्या मिस्त्रींचा हात इथे बघावा. उलटी सायकल, एका हातात निपलचा पाना, रिमजवळ अंगठ्याचं नख टेकवून आउट काढणारा माणूस अर्ध्या मिमीपर्यंत रिम आणून ठेवतो. पण त्याला काय हवंय ते नेमकं सांगावं लागतं.

हब ३६ भोकांचा, रिम ३६ भोकांचं. दुहेरी भिंतीचं ॲल्युमिनियम रिम, १४ गेजच्या म्हणजे २ मिमीच्या स्टेनलेस तारा, तीन क्रॉस, म्हणजे प्रत्येक तार बाजूच्या तीन तारांना छेदून जाते. यूसीपी, म्हणजे मुलामा दिलेल्या लोखंडी तारा स्वस्त पडतात, पण इथल्या पावसाळ्यात निपलपाशी गंजून अडकतात आणि पुढे आउट काढायला गेलं की तुटतात. तारांची लांबी अंदाजाने घेऊ नका. हबच्या कडेचा व्यास, दोन कडांमधलं अंतर आणि रिमचा आतला परिणामी व्यास (निपल टेकतात तिथला) मोजून हिशेब करावा लागतो. मागच्या चाकाला उजव्या आणि डाव्या तारांची लांबी १-२ मिमीने वेगळी येते आणि हे सांगितलं नाही तर मिस्त्री सगळ्या एकाच मापाच्या घालतो. मग उजवीकडे तार लांब पडून रिमच्या वर येते आणि ट्यूबला टोचते, किंवा डावीकडे तोकडी पडून निपलच्या आट्यांत पुरेशी शिरत नाही.

मागचा हब घेताना कॅसेटचा (मागच्या चकत्यांचा संच ज्यावर सरकवून बसतो तो) घ्या, फ्रीव्हीलचा (संच आट्यांवर फिरवून बसतो तो) नको. आठ-गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये उजवं बेअरिंग हबच्या आतच राहतं आणि एक्सलचा लांब तुकडा आधाराविना बाहेर येतो. जड माणूस, मागे सामान आणि जुळे सोलापूरकडचे स्पीडब्रेकर, एवढ्यात एक्सल वाकतो. कॅसेट हबमध्ये उजवं बेअरिंग खाचेजवळ असतं.

चाक ताब्यात घेताना तीन गोष्टी बघा. फ्रेममध्ये चाक बसवून रिम आणि दोन्ही नळ्यांमधलं अंतर मोजा, मग चाक उलटं बसवून पुन्हा मोजा; आकडे जुळले तर रिम मधोमध आहे. तारा बोटाने छेडा: एका बाजूच्या सगळ्यांचा सूर जवळपास एक यायला हवा, मागच्या चाकाची डावी बाजू मात्र ढिली म्हणजे खालच्या सुरात असणारच, तो दोष नाही. आणि समांतर तारांच्या जोड्या हाताने करकचून दाबून घ्यायला सांगा. हे केलं नाही तर पहिल्या फेरीत तारांतली पीळ सुटल्याचे टिंग-टिंग आवाज येतात आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा आउट.

टायर ७००×३५ ते ३८, किंवा २६ ची फ्रेम असेल तर १.९५. याहून बारीक टायर होटगी रोडवर पळतं, पण शेताच्या वाटेला लागलं की बाभळीचा काटा चुकत नाही. आत प्लॅस्टिकची काटा-पट्टी घातली तर वजन वाढतं पण पंक्चर फार कमी होतात. पट्टीची टोकं पोलिश पेपरने घासून गोल करा, नाहीतर तीच टोकं ट्यूब कापतात. व्हॉल्व मोटरसायकलसारखा जाड घ्या. बारीक प्रेस्टा व्हॉल्वला रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप लागत नाही, आणि अक्कलकोटच्या वाटेवर हवा भरायची वेळ आली की पंपाची पिशवी घरी राहिलेली असते.

मे महिन्यात उन्हात टायर ‘उडाले’ की दोष हवेला दिला जातो. २५ अंशांना ६० पीएसआय भरली तर ४५ अंशांना ती ६५ च्या आसपास जाते, एवढ्याने चांगलं टायर उडत नाही. उडतं ते रिममध्ये नीट न बसलेलं टायर, किंवा घाईत लावलेला पॅच, ज्याचं सोल्यूशन उन्हात मऊ पडतं. टायरच्या कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का, हे हवा भरताना फिरवून बघा.

काळ्या मातीसाठी टायर आणि फ्रेममध्ये चहूबाजूंनी निदान १० मिमी मोकळं ठेवा. ती माती चिकटली की थराथराने वाढते, आणि व्ही-ब्रेक असेल तर दोनशे मीटरमध्ये चाक जाम.

गिअर : काय घ्यावं

पहिल्या बांधणीला पुढे एकच चकती आणि मागे आठ. पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग), त्याचा शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका), त्याची केबल आणि त्याची सगळी डोकेदुखी वजा. पुढे ३८ दात, मागे ११-३२. ७००×३५ टायरला ३८-३२ वर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर जाते, ३८-११ वर साडेसात. मिनिटाला ८० फेऱ्यांनी ३८-१६ वर ताशी २५ च्या जवळ, म्हणजे सपाट रस्त्याला भरपूर आणि तुळजापूरच्या घाटालाही खालचा गिअर पुरतो.

आठच का? चेन जाड, भाग स्वस्त, सेटिंग थोडं चुकलं तरी सांभाळून घेतं. शिमानोचा आठचा शिफ्टर आणि त्यांचाच आल्टस किंवा ॲसेरा डिरेलर एकमेकांशी बिनबोभाट जमतात. आल्टस एम-३१० ला मागे ३४ दातांपर्यंत चालतं, म्हणजे ३२ ला जागा शिल्लक. शिफ्टर एका कंपनीचा आणि डिरेलर दुसऱ्याचा घेतला तर एका क्लिकला ओढली जाणारी केबल जुळत नाही, आणि मग सेटिंग करणारा मिस्त्री दिवसभर बॅरल (केबलचा ताण कमीजास्त करणारी गोल चकरी) फिरवत बसतो. हे भाग शहरात तुकड्या-तुकड्यांत मिळतात, एकत्र मिळाले तर नशीब. मागवलेलेच बरे.

क्रँक चौकोनी टोकाच्या सीलबंद बॉटम ब्रॅकेटवरचा. हलक्या, पोकळ एक्सलच्या प्रकारापेक्षा हा जुना वाटेल, पण धुळीत वर्षानुवर्षं चालतो आणि गेला की आख्खा बदलायचा. एक्सलची लांबी क्रँक बनवणाऱ्याने सांगितलेलीच घ्या. फ्रेमच्या मध्यापासून चकतीपर्यंत ४५ ते ४८ मिमी आलं की मागच्या कॅसेटच्या मध्याशी रेघ जुळते. चकतीचे दात आलटून-पालटून जाड-बारीक असतील तर खड्ड्यात चेन उतरत नाही. साधी चकती असेल तर आतून एक चेन-गार्ड लावाच.

जोडणीचा क्रम

हत्यारं: ४, ५, ६ च्या एल-की, वीस दातांचा बॉटम ब्रॅकेटचा सॉकेट, क्रँक ओढणारा पुलर, कॅसेटच्या लॉकरिंगचा सॉकेट, चेन तोडायचं हत्यार, १५ चा पेडल पाना, आणि चांगला केबल कटर. पक्कडीने केबल कापली की टोक कुंच्यासारखं फुलतं आणि बाहेरची नळी चेपते. टॉर्कचा पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) ५ ते ६० न्यूटन-मीटरच्या टप्प्यात एकच सहज मिळत नाही. छोटा तरी घ्या, स्टेमसाठी, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्यासाठी.

हेडसेट आधी. कप एकावेळी एकच दाबा, वाकडा जातोय असं वाटलं की थांबून बाहेर काढा आणि पुन्हा सरळ सुरू करा. चिमट्यावरची खालची रिंग तळाला टेकली पाहिजे, मध्ये उजेड दिसता कामा नये. चिमट्याची नळी कापण्याआधी स्टेम, सगळे स्पेसर घालून खूण करा आणि त्या खुणेच्या ३ मिमी खाली कापा. दोन स्पेसर जास्तीचे ठेवा. कापलेलं जोडता येत नाही, उंची कमी करायची तर पुढेही करता येते. करवतीचं पातं बारीक दातांचं, कडेला जुना स्टेम आवळून त्याच्या आधाराने कापलं की काप सरळ येतो. आतला स्टार-नट, ज्यात वरच्या टोपीचा बोल्ट बसतो, नळीच्या तोंडापासून साधारण १५ मिमी खाली. वरच्या टोपीचा बोल्ट फक्त बेअरिंगमधला खेळ काढण्यासाठी असतो. खेळ गेला, हँडल मोकळं फिरतंय, की स्टेमचे बाजूचे बोल्ट ५-६ न्यूटन-मीटरला आवळा. पुष्कळजण टोपीच करकचून आवळतात आणि महिन्यात बेअरिंगला खळगे पडतात.

बॉटम ब्रॅकेटला आट्यांवर ग्रीस, आणि पहिले तीन-चार आटे हातानेच. चेनच्या बाजूला उलटे आटे आहेत हे विसरून पाना लावला की नळी गेली. ५० ते ७० न्यूटन-मीटर, म्हणजे हातभर पान्यावर चांगला जोर. क्रँकचा बोल्ट ३५ ते ५०. पेडल: डाव्याला उलटे आटे. पाना वर उभा धरून पुढच्या चाकाकडे ओढला की दोन्ही बाजूंची पेडलं घट्ट होतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

कॅसेट चढवून लॉकरिंग ४० ला. डिरेलर लावण्याआधी हँगर बघा, मागून उभं राहून. डिरेलरच्या दोन चाकांची रेघ कॅसेटच्या दातांना समांतर दिसली पाहिजे. नवीन फ्रेमचा हँगरही कुरिअरमध्ये वाकून येतो, आणि वाकड्या हँगरवर गिअर कधीच लागत नाहीत. सरळ करायचं नेमकं हत्यार शहरात कुणाकडे आहे ते आधी शोधून ठेवा. डोळ्याने आणि पक्कडीने सरळ करणाऱ्याकडे ॲल्युमिनियमचा हँगर दिला तर तो तुटूनच परत येतो. एक जादा हँगर फ्रेमसोबतच मागवा, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो.

चेन डिरेलरमधून न घालता पुढच्या चकतीवर आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर गुंडाळा, जिथे टोकं भेटतात त्यात एक इंच, म्हणजे एक बाहेरची आणि एक आतली कडी, वाढवा. ४३० मिमीच्या चेनस्टेला (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या खाचेपर्यंतच्या नळीला) ३८-३२ साठी १०६ कड्या येतात. ११६ च्या डब्यातून दहा उरतात.

आता केबल. ब्रेकची नळी ५ मिमी, गुंडाळलेल्या तारेची. गिअरची ४ मिमी, उभ्या तारांची. ब्रेकला गिअरची नळी घातली तर जोराच्या ब्रेकला ती फाटू शकते. पेठेत दोन्ही एकाच खोक्यात पडलेल्या असतात, टोकाकडून आत बघून घ्या. कापल्यावर आतलं प्लॅस्टिक दाभणाने मोकळं करा आणि टोक कानशीने सपाट करा. मागच्या डिरेलरजवळचा वळसा फार तोकडा ठेवला की शेवटचे दोन गिअर अडखळतात.

गिअरची सेटिंग: केबल न जोडता आधी एच स्क्रू, वरचं छोटं चाक सगळ्यात लहान चकतीच्या बरोबर खाली यायला हवं. शिफ्टर सगळ्यात ढिल्या जागी, केबल ओढून बोल्ट ६-७ ला. एक क्लिक द्या. चेन वर चढली नाही तर बॅरल डावीकडे अर्धा फेरा. चढून पुढच्या चकतीला घासतेय तर उजवीकडे पाव फेरा. शेवटी एल स्क्रू, डिरेलर हाताने ढकलूनही तारांकडे जाता कामा नये. हा स्क्रू विसरला तर घाटात, सगळ्यात हलक्या गिअरला, चेन चाकात शिरते आणि डिरेलर, हँगर, चार-पाच तारा एकदम जातात. बी स्क्रूने वरचं चाक आणि ३२ च्या चकतीमध्ये ५-६ मिमी फट ठेवा.

व्ही-ब्रेकला लिव्हरही व्ही-ब्रेकचाच. जुन्या कॅलिपरचा लिव्हर केबल कमी ओढतो, लिव्हर हँडलला टेकतो आणि सायकल थांबत नाही. डिस्क घेतली तर केबलवालीच घ्या, १६० ची चकती. हायड्रॉलिकमध्ये हवा शिरली तर तेल काढून भरणारा माणूस इथे शोधावा लागतो.

पहिले ५० ते १०० किलोमीटर शहराच्या आसपासच चालवा. केबलच्या नळ्या दबून बसतात, गिअर थोडे सरकतात; बॅरल पाव-अर्धा फेरा डावीकडे. क्रँकचे बोल्ट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला तपासा, खासकरून डावा. तो ढिला राहून चालवला तर चौकोनी भोक गोल होतं आणि आख्खा क्रँक बदलावा लागतो. चाकं त्याच मिस्त्रीकडे पुन्हा एकदा नेऊन आउट काढून घ्या, बहुतेकजण पहिल्या वेळेचे पैसे घेत नाहीत. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढेमागे हलवा, हेडसेटमध्ये डुगडुग लागली तर आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करा, टोपी पाव फेरा, मग बाजूचे बोल्ट पुन्हा. हे सगळं झाल्यावर तुळजापूर, जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. पिशवीत दोन ट्यूब, चेनची जोडकडी, जादा हँगर आणि ५ ची एल-की ठेवा.